भरलेला पाय, रिकामा पाय

बस हलतच नव्हती.

सिग्नल हिरवा, रस्ता मोकळा, इंजिन घरघरतंय... आणि बस आपली थांब्यावर ठाण मांडून! माझ्या मांडीवर कागदात गुंडाळलेला आरसा होता, आणि तो ज्याच्याकडे पोचवायचा त्या गिऱ्हाइकाचे फोनवर तीन मिस्ड कॉल. आरसा काखेत मारून मी तरातरा पुढे गेले.

"काय हो, ही बस आहे की पुतळा?"

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो डोक्यावरच्या आरशात बघत होता. मागे एक आजी दोन पिशव्या सावरत, एकेक दांडा धरत सीट शोधत होत्या.

"त्या बसल्या की निघू," तो म्हणाला. अगदी शांतपणे. त्या शांतपणानेच माझं डोकं जास्त फिरलं.

"बसतील हो त्या! गाडी सुटली की माणसं आपोआप बसतात."

"बसतात. कुठे बसतात ते मात्र सांगता येत नाही."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"माझं गिऱ्हाईक खोळंबलंय तिकडे!"

"मग तुम्हीही बसा ना. तुम्ही उभ्या आहात तोवरसुद्धा गाडी हलणार नाही."

मी बसले. दातओठ खात बसले. उतरताना त्याच्यापाशी थांबून म्हटलं, "तुमची तक्रार करणार आहे मी."

"जरूर करा. गाडीचा नंबर मागे लिहिलाय. मोठ्या अक्षरात." मग पहिल्यांदाच त्याने वळून पाहिलं. डोळे हसत होते, चेहरा मात्र साळसूद. "आरसा सांभाळा. पाऊस भुरभुरतोय, पायरी निसरडी आहे."

मेल्याला माझ्या आरशाची काळजी!

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग यायचा. पाण्याच्या नळाचा, फोनच्या रिंगचा, शिट्टी वाजवत जाणाऱ्या माणसांचा. काच कापताना कटरची रेघ जरा वाकडी गेली की तुकडा सरळ कचऱ्याच्या डब्यात भिरकावायचे. आत्या म्हणायची, "ठिणगी आहे नुसती. हिच्यापाशी रॉकेल घेऊन जाऊ नका." आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यापासून आमच्याकडेच राहते, आणि माझ्या रागाला न भिणारं घरातलं एकमेव माणूस आहे.

राग कशाचा होता, ते ठाऊक होतं मला. बाबांनी चाळीस वर्षं काच कापली. खाली दुकान, वर घर, मध्ये चौदा पायऱ्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. बोलणं परत आलं, हातही बराच परतला. डावा पाय मात्र हट्टी मुलासारखा मागे मागे राहायला लागला. एकदा न्हाणीघरात पडले. दुसऱ्यांदा जिन्यात पडले, तेव्हा मी त्यांना धरून खाली आणत होते. धरलेलं असताना पडले! डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिसऱ्यांदा पडू देऊ नका. या वयात खुबा मोडला तर माणूस पुन्हा उभा राहील याची खात्री नाही."

त्याच दिवशी जिन्याच्या वरच्या दाराला मी कडी लावली. बाबांना दुकान बंद म्हणजे बंद. खाली उतरायचं ते फक्त दवाखान्यासाठी, आणि तेही मी दोन्ही हातांनी धरून. बाबा दिवसभर वरच्या खिडकीत बसून खालच्या काच कापण्याचा आवाज ऐकायचे. मध्येच वरून ओरडायचे, "फार दाबतेयस गं!" त्याचाही मला राग यायचा. कारण मी खरंच फार दाबत असायचे.

डॉक्टरांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली होती, ती आत्याने पदराला बांधून ठेवली. "तोल सुधारायचा तर ताई ची करून बघा. चिनी व्यायाम आहे, अगदी सावकाश. म्हाताऱ्या माणसांना फार फायदा होतो त्याचा." आणि माझ्या दंडावरचा पट्टा सोडवता सोडवता, "तुम्हीही करा. एकोणतिसाव्या वर्षी एकशे पन्नासचं ब्लडप्रेशर म्हणजे काही शोभेची गोष्ट नाही."

आत्याने चौकशी केली. बस आगाराच्या मागच्या हॉलमध्ये, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहाला वर्ग असतो. फी नाही. सोमवारी मी बाबांना धरून तिथे नेलं. वेळापत्रकाचे फलक, भिंतीला सरकवलेली बाकं, ड्रायव्हरांचे खाकी शर्ट खुंट्यांवर. मध्यभागी एक माणूस पाठमोरा उभा. त्याचे हात पाण्यातून वर यावेत तसे आपोआप वर येत होते. क्षणभर बघतच राहिले मी... बघण्यासारखंच होतं ते.

तो वळला.

"तक्रार केलीत?" त्याने विचारलं.

"वेळ मिळाला नाही."

"हरकत नाही. मुदत आहे अजून."

बाबा माझ्याकडे बघायला लागले, मग त्याच्याकडे. "ओळख आहे वाटतं?"

"नाही," मी म्हणाले.

"थोडीशी," तो म्हणाला.

वर्गात दहा-बारा माणसं होती, बहुतेक पांढऱ्या केसांची. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. त्या व्यायाम करताना सुद्धा शेजारच्याची चूक काढायच्या. ड्रायव्हरला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी गुडघे जरासे वाकवले आणि छातीपुढे हात गोल केले. "मोठा चेंडू धरलाय असं समजा." बाबांचा डावा हात खाली खाली यायला लागला. पुन्हा वर, पुन्हा खाली. बाबांची मान लाजेने झुकली आणि माझ्या कानशिलात ठणके सुरू झाले. कशाला आणलं मी यांना इथे, हसं करून घ्यायला?

तो जवळ आला. "काका, काम काय करायचात?"

"काचेचं."

"मग चेंडू राहू द्या. काच धरा. मोठी. दाराएवढी."

...आणि बाबांचे दोन्ही हात वर आले. एक खालून आधार दिलेला, एक वरच्या कडेला. एका उंचीवर, एका रेषेत! त्या न दिसणाऱ्या काचेच्या पलीकडून बाबा हसले. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, आणि मला त्या डोळ्यांचाही राग आला.

"आता वजन उजव्या पायात ओता," मास्तर सांगत होते. "घागर ओततो तसं. उजवा भरला, डावा रिकामा झाला, मगच डावा उचलायचा. माणूस पडतो तो घाईने नाही पडत. रिकामा न झालेला पाय उचलतो म्हणून पडतो."

बाबा जरासे डुलले. मी झेपावले, दोन्ही हातांनी त्यांचा दंड पकडला.

"तुम्ही बाजूला व्हा."

"मी सोडणार नाही त्यांना!"

"बरं. मग तुम्हीही करा. त्यांच्या शेजारी, दोन हात लांब. त्यांच्यापाशी मी उभा राहतो."

"मला काही झालेलं नाही. मी कशाला करू?"

त्याने माझ्या खांद्यांकडे पाहिलं. "तुमचे खांदे कानाशी जाऊन काय कुजबुजताहेत तेवढं विचारा, आणि ठरवा."

बाई मोठ्यांदा हसल्या. मी दोन हात लांब जाऊन उभी राहिले. फक्त त्याला खोटं पाडायला.

सांगायला लाज वाटते, पण त्याला खोटं पाडता आलं नाही. तीन आठवड्यांत बाबांचं पाऊल फरशीला घासेनासं झालं. उचललं जायला लागलं... थोडंसं, पण उचललं. ते झोपेत कण्हायचे, ते थांबलं. मला तर किती दिवसांनी सलग सहा तास झोप लागली, आणि मी जागी झाले तेव्हा माझे दात एकमेकांवर घट्ट रुतलेले नव्हते. मान वळवली की काडी मोडल्यासारखा आवाज यायचा, तो कधी गेला कळलंच नाही. डॉक्टरांनी पट्टा बांधला, पारा बघितला आणि म्हणाले, "एकशे तीस. वा! काय करता हल्ली?" मी म्हणाले, "काही नाही. एका माणसावर रागावते." डॉक्टर म्हणाले, "चालू ठेवा."

तो माणूस एका दुपारी ड्युटी संपवून दुकानात आला.

"आरसा हवाय."

"किती बाय किती?"

"एक चेहरा मावेल एवढा."

"कुणाचा? काहींचा स्वतःच्या मनात फार मोठा असतो."

"मग तुमच्या मापाने करा."

मी त्याच्याकडे न बघता काच टेबलावर ठेवली, पट्टी लावली, कटर टेकवलं. तो पलीकडून बघत होता. बघत होता म्हणजे... आरशाकडे बघत नव्हता.

"रेघ मारताना श्वास रोखता तुम्ही," तो म्हणाला.

"तुम्ही जाल तिथे शिकवणीच घेता का?"

"सोडून बघा. एका श्वासात, सोडता सोडता. हात खांद्यातून नाही, कमरेतून येऊ द्या."

मी मुद्दाम, त्याला दाखवायला, श्वास सोडत रेघ ओढली. कटर रेशमावरून जावं तसं गेलं. कर्रर्र नाही, खरड नाही. नुसती एक बारीक कुजबुज. दोन्ही अंगठे टेकवले आणि काच टक् करून सरळ तुटली.

वरून बाबांचा आवाज आला, "आत्ता कुणी कापली गं?"

"मीच!"

"खोटं बोलू नकोस!"

तो इतका हसला की टेबलावरचे तुकडे किणकिणले. आणि मीही हसले. हसताना त्याच्या डाव्या भुवईजवळ एक आडवी घडी पडते, हे मला तेव्हा कळलं. आरशाचे पैसे त्याने दिले आणि आरसा टेबलावरच विसरून गेला. दुसऱ्या दिवशी न्यायला आला. त्या दिवशी पिशवी विसरला. आत्या वरून म्हणाली, "याची स्मरणशक्ती बघता याला रोजचा रस्ता कसा आठवतो कोण जाणे!"

मग तो बुधवार उजाडला.

मास्तरांनी त्या दिवशी जोडीने ढकलायचा सराव घेतला. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं, आणि सावकाश ढकलायचं. ज्याचा पाय हलला तो हरला. सगळ्यांच्या जोड्या लागल्या. उरले मी... आणि तो.

त्याचं मनगट उबदार होतं. स्टिअरिंगने तळव्याला घट्टे पडलेले. मी नजर त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर ठेवली.

"ढकला," तो म्हणाला.

"लागेल."

"लागू द्या."

मी ढकललं. आठ महिन्यांचा राग त्या एका हातात आणून ढकललं. आणि पुढे तो नव्हताच! कंबर जराशी वळवून तो बाजूला झाला होता, दार उघडावं तसा. मी दोन पावलं हेलपाटत गेले. त्याचा हात माझ्या कोपराजवळ आला, पण टेकला नाही.

"धरलं का नाही?" मी फणकारले.

"पडत नव्हतात तुम्ही."

"पडले असते तर?"

"तर धरलं असतं."

"कळतं वाटतं तुम्हाला, कोण पडतंय आणि कोण नाही!"

त्याने मनगट खाली घेतलं. मग माझ्याकडे नाही, बाबांकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "राग येईल तुम्हाला. पण बरेच दिवस सांगायचं होतं... तुम्ही धरता ना, म्हणून काकांचा तोल जातो. ते वजन एका पायावर नेत असतात, आणि तुम्ही त्यांना दुसरीकडे ओढता."

"म्हणजे मी पाडते माझ्या बाबांना?"

"मी असं..."

"आठ महिने कुणी उचललंय त्यांना? तुम्ही? तुम्हाला काय माहीत पडणं म्हणजे काय असतं!"

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी पाडलंय एका बाईंना."

त्याने सांगितलं, तेही सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. तीन वर्षांपूर्वी गाडी उशिरा धावत होती. बिनकंडक्टरची गाडी, सुट्ट्या पैशांवरून एका प्रवाशाशी त्याची जुंपली होती. रागाच्या भरात त्याने गिअर टाकला आणि गाडी हिसक्याने पुढे घेतली. एक बाई अजून उभ्या होत्या. खुबा मोडला. त्या पुन्हा चालल्या नाहीत. "तेव्हा माझा राग तुमच्यापेक्षा मोठा होता. आगारातल्या एका जुन्या मेकॅनिकनी मला हे शिकवलं. म्हणाले, इंजिन गरम झालं की गाडी थांबवतोस ना, मग स्वतःला का पळवतोस? दर रविवारी जातो मी त्या बाईंकडे. बाजार आणून देतो. त्या शिव्या देतात, चहाही देतात."

मी ऐकलं ते एवढंच: खुबा. पुन्हा चालल्या नाहीत.

"आणि असल्या माणसाच्या हाती मी माझे बाबा दिले?"

हॉलमध्ये सगळे हात जागच्या जागी थांबले. मी बाबांचा दंड धरला आणि बाहेर पडले. तो मागे आला नाही. त्याचाही राग आला. आला असता तर त्याचाही आलाच असता.

दोन आठवडे आम्ही गेलो नाही. त्याची बस दुकानासमोरून दिवसातून चार वेळा जायची. मी चारही वेळा पाठ करून उभी राहायचे. ती कधी जाते हे घड्याळ न बघता कळायचं, ही वेगळी गोष्ट. बाबा माझ्याशी मोजकंच बोलत. आत्या मात्र मोजकं बोलायला शिकलेलीच नाही. "त्याने निदान कबूल तरी केलं," ती म्हणाली. "ते सोपं असतं असं वाटतं का तुला?"

"तू त्याची वकील आहेस का?"

"फी मिळाली तर होईन."

एका दुपारी मी खाली काच पुसत होते. वरून आवाज आला. आधी एक हलकासा दाब. मग शांतता. मग पाऊल टेकल्याचा आवाज. घासल्याचा नव्हे, टेकल्याचा. पुन्हा दाब, शांतता, पाऊल. माझ्या डोक्यावर, छतापलीकडे कुणीतरी चालत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला न सांगता! मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावले.

दार अर्धं उघडं होतं. बाबा खोलीच्या मध्यभागी उभे होते, समोर ती न दिसणारी काच. आत्या पलंगावर बसून आकडे मोजत होती. बाबांनी वजन उजवीकडे नेलं, डावा पाय उचलला... आणि डुलले.

मी उंबऱ्यातून झेपावले. दोन्ही हात पुढे. आणि तिथेच मला माझे हात दिसले.

एक खालून, एक वरच्या कडेला. बोटं ताणलेली, मनगटं ताठ. आम्ही काच अशी धरतो. काच सरकायला लागली की दोन्ही हात आवळायचे आणि स्वतःकडे ओढायची, हे मी दहाव्या वर्षी शिकले, बाबांकडूनच. जिन्यातही मी त्यांना अस्संच धरलं होतं. नवव्या पायरीवर ते थांबले होते. पडत नव्हते, नुसते थांबले होते, वजन बदलायला. मला वाटलं निसटताहेत. मी आवळलं. ओढलं.

मी जागच्या जागी थिजले. बाबांचा पाय हवेत थरथरला, घोटा इकडे झुकला, तिकडे झुकला... आणि टेकला. एकट्याने.

"बाबा," माझा आवाज फाटला, "जिन्यात मी ओढलं होतं तुम्हाला."

त्यांनी काच हळूच खाली ठेवली. म्हणजे हात खाली आणले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"खांदा माझा होता गं पोरी."

"मग बोलला का नाहीत? इतके महिने! मी जगाला शिव्या घालत फिरतेय, दाराला कड्या लावतेय, आणि तुम्ही..." मी ओरडत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. "बोलायचं होतंत ना!"

"काच असती तर अगदी बरोबर धरलं होतंस," बाबा म्हणाले. "फक्त मी काच नाही."

आत्याने नाक पुसलं आणि मला म्हणाली, "रडून झालं की तोंड धू. आणि ज्याला नको ते बोलून आलीस, त्याच्याशी जाऊन बोल."

दुसऱ्या दिवशी मी आगारात पोचले तेव्हा वर्ग संपला होता. तो एकटाच बाकं जागेवर सरकवत होता. मला पाहून त्याच्या हातातलं बाक अर्ध्यावर थांबलं.

"तुम्ही बरोबर होतात," मी दारातूनच म्हणाले. "आणि त्याचाच मला भयंकर राग आलाय."

"साहजिक आहे."

"साहजिक आहे म्हणू नका! चिडा ना जरा! मी तुम्हाला सगळ्यांसमोर काय वाट्टेल ते बोलले."

"खरं तेच बोललात." त्याने बाक ठेवलं. मग तो हॉलच्या मध्यभागी आला आणि उजवं मनगट पुढे केलं. "या. ढकला."

मी मनगट टेकवलं. या वेळी हळू. त्याचं मनगट मागे गेलं, माझं पुढे. मग माझं मागे, त्याचं पुढे. बाहेर कुठलीतरी बस सुरू करून तापवत ठेवली होती, तिची घरघर जमिनीतून तळव्यांना लागत होती. आज मी बटणाकडे बघितलं नाही.

"खांदे खाली आलेत," तो म्हणाला.

"माझे खांदे मोजत होतात?"

"दोनच आहेत. मोजायला वेळ लागत नाही."

"आणि बाकीचा वेळ?"

"बाकीचा वेळ..." तो थांबला. मनगटं मात्र फिरत राहिली. "बाकीचा वेळ मी चार फेऱ्यांमध्ये एक पाठ बघायचो. दुकानाच्या दारातली. फार रागीट पाठ होती."

मला हसू आलं, ते मी आवरलं. जे बोलायला आले होते ते राहिलंच होतं.

"त्या बाई आहेत ना... तुम्ही रविवारी जाता त्यांच्याकडे."

"हं."

"या रविवारी मी येऊ? त्यांच्याकडे? मीही एकाला पाडलंय. पाडलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला... आणि बाजाराची दुसरी पिशवी धरायलाही कुणीतरी लागत असेल."

त्याचं मनगट थांबलं. आणि त्याचा मागचा पाय, जो मी त्या बुधवारी जीव खाऊन ढकलूनही तसूभर सरकला नव्हता, तो एक पाऊल मागे गेला.

"पाय हलला," मी कुजबुजले.

"हलला."

"हरलात, मास्तर."

"केव्हाचाच. तुम्हाला आज दिसलं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. भुवईजवळची ती घडी पडली नव्हती. तो हसत नव्हता. डोळे ओले होते त्याचे. मनगटावरून माझा हात सरकला आणि त्याच्या घट्टे पडलेल्या तळव्यात जाऊन बसला... कुणी ढकललं नव्हतं तरी.

रविवारी आम्ही गेलो. त्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्याला म्हणाल्या, "ही भांडते का?" "फार," तो म्हणाला. "बरं आहे," त्या म्हणाल्या, "तू फार गरीब झालायस हल्ली, शिव्या द्यायला मजा येत नाही." येताना त्यांनी माझा हात हातात घेतला. पायांवर पांघरूण होतं त्यांच्या. मी त्या पांघरुणाकडे बघितलं, खिडकीत बसून राहिलेले बाबा आठवले, आणि घरी आल्यावर जिन्याच्या दाराची कडी काढली. पहिल्या दोन झटक्यांत ती निघालीच नाही.

सोमवारी सकाळी बाबा वर उभे राहिले. एक हात कठड्यावर. मागे आत्या, पदर खोचून. खाली मी, आणि माझ्या शेजारी तो. त्याची ड्युटी दुपारची होती.

"कुणी मध्ये यायचं नाही," बाबांनी बजावलं.

पहिली पायरी. दुसरी. उजवा भरला, डावा रिकामा, डावा उतरला. मी मोजत होते. पाचव्या पायरीवर ते श्वास घ्यायला थांबले आणि माझ्या छातीतला श्वासही तिथेच थांबला. सहावी, सातवी, आठवी. नवव्या पायरीवर कठड्यावरचा हात निसटला.

बाबा डुलले.

माझ्या तोंडातून आवाज फुटला. माझा एक पाय पायरीवर पडला सुद्धा. शेजारच्या त्या माणसाने मला अडवलं नाही, आवरलं नाही, दंड धरला नाही. नुसता हात पुढे केला, उघडा. मी तो धरला. काच आवळतात तसा, हाडं मोडतील इतका आवळला. आणि तिथेच थांबले.

बाबांनी गुडघे वाकवले. वजन उजवीकडे गेलं, सावकाश, दिसेल असं. घोटा थरथरला, स्थिर झाला. मग त्यांनी पुन्हा कठडा शोधला.

"दुखतंय," तो माझ्या कानाशी म्हणाला.

"दुखू दे."

"दुखू द्या नाही? दुखू दे?"

"गप्प बस. मोजू दे मला."

दहा. अकरा. बारा. तेरा.

चौदावी उतरून बाबा सपाट जमिनीवर उभे राहिले. कपाळावर घाम, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी आधी मागे वळून सबंध जिना बघितला. मग आमच्याकडे. मग आमच्या हातांकडे.

"किती महिने झाले दुकानात पाय ठेवून," ते म्हणाले. "कुलूप काढायचंय. कुणाचे हात मोकळे आहेत का?"

"नाहीत, बाबा," मी म्हणाले.

"मी येऊ का रे दादा खाली?" आत्या वरून ओरडली.

"नको."

खिशातून किल्ली काढून बाबा दुकानाच्या दाराशी गेले. डाव्या हाताने कुलूप धरलं, उजव्याने किल्ली शोधून भोकात घातली. ती आधी उलटी गेली. त्यांनी काढली, फिरवली, पुन्हा घातली. बराच वेळ लागला त्यांना. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.